दवंडी ऐकूनही न हललेल्या घराचा पंचनामा करावा का?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका तरुणाचा आहे. पुराच्या रात्री तो गावातल्या पोरांबरोबर बोटीवर होता. नदीकडेच्या एका कुटुंबाने संध्याकाळी दवंडी ऐकली, पण हललं नाही. पोलीस पाटील जाऊन आले, सरपंच जाऊन आले, तरी नाही. रात्री दोनला पाणी पत्र्याला टेकल्यावर त्यांचा फोन आला. त्यांना उतरवताना याच्या मित्राचा हात पत्रा आणि बोट यांच्यामधे सापडला आणि मनगट मोडलं. आता ग्रामसभेत ठराव आणायचं चाललंय की सांगूनही जे हलणार नाहीत त्यांचा पंचनामा होऊ द्यायचा नाही, आणि बोटीचा खर्चही त्यांच्याकडूनच घ्यायचा. तो विचारतो, हे कायद्यात बसतं का? आणि बसत नसेल तर का बसू नये?

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं मंडळ अधिकारी होते. १९ सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९, हे तिन्ही पूर मी ड्युटीवर असताना पाहिले. लोकांना घराबाहेर काढायचं काम केलं आणि पाणी ओसरल्यावर त्याच घरांचे पंचनामेही केले. तुमचा राग मला कळतो. रात्रीच्या पाण्यात बोट घालणाऱ्या पोराच्या आईचा चेहरा मी पाहिलेला आहे. त्यामुळे उत्तर जरा लांब देते.

आधी सरळ उत्तर. असा ठराव कायद्यात बसत नाही. पंचनामा करायचा की नाही हे ग्रामसभा ठरवत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून तो करतात आणि नुकसान डोळ्यांनी पाहून लिहितात. मदत कोणाला आणि किती, हे केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष आणि राज्याचे शासन निर्णय ठरवतात. त्या निकषांत "आदेश पाळला असेल तरच" अशी ओळ नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलंय आणि हे बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात स्पष्ट केलं. तो निकाल कोविडच्या मृत्यूंबद्दल होता, पण कलम पुरालाही तेच.

मग आदेश मोडला तर काहीच नाही का? आहे. त्याच कायद्याचं कलम ५१. योग्य कारणाशिवाय निर्देश पाळायला नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्या नकारामुळे कोणाचा जीव गेला किंवा जिवावर बेतलं तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे शिक्षेची वाट वेगळी आणि मदतीची वेगळी. शिक्षा द्यायची तर तक्रार होते, कोर्टात समोरच्याचं म्हणणं ऐकलं जातं, "योग्य कारण" होतं का ते तपासलं जातं. ग्रामसभेच्या ठरावात यातलं काहीच होत नाही. तिथे फक्त हात वर होतात. आणि बहुतेक गावांत नदीकडेच्या पहिल्या रांगेत कोणाची घरं असतात, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

तुमच्या मनातला खरा प्रश्न मात्र यापुढचा आहे असं मला वाटतं. एकाच्या हट्टाची किंमत दुसऱ्याच्या मनगटाने का मोजायची? त्यासाठी आधी हे पाहावं लागेल की जे घडलं तो हट्ट होता का. ते परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि परिस्थिती बहुतेक वेळा पंचनाम्याच्या कागदावर येतच नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला आदेश म्हणता तो कोणत्या शब्दांत दिला गेला? धरणातून विसर्ग वाढला की रिक्षावरचा भोंगा फिरतो: "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, जनावरे व मौल्यवान वस्तू सुरक्षित स्थळी हलवाव्यात." हा इशारा झाला. "सायंकाळी सहापर्यंत अमुक गल्ली रिकामी करावी, शाळेत सोय केली आहे," हा आदेश. मी कित्येक गावांत पाहिलंय, पाच दिवस इशारा वाजतो, सहाव्या दिवशी आदेश वाजतो, पण आवाज तोच, रिक्षा तीच, चालही तीच. घरातल्या माणसाला फरक कळायचा कसा?

दुसरी गोष्ट पाण्याच्या हिशेबाची. नाशिक शहरात पूर मोजायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच: गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. फार मोठा पूर असेल तर नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव निघतं. हे माप पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि शहरापुरतं खरंही आहे. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या सायखेडा, चांदोरीकडची माणसंही फोन करून हेच विचारतात, "दुतोंड्याला कुठपर्यंत आलंय?" पण दारणा नदी गोदावरीला मिळते ती नाशिकच्या खाली, दारणासांगवीला. दारणा धरणातून सोडलेलं पाणी दुतोंड्याला दिसतच नाही. मारुती गुडघाभर पाण्यात असताना गोदाकाठी रस्ते बंद झालेले असू शकतात. त्यात खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा. सरकारी निरोप येतो तो क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे मी तलाठ्यांच्या बैठकीत दरवर्षी सांगायचे. गावकऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याला हवं असतं: पाणी गावातल्या मारुती मंदिराच्या कोणत्या पायरीला लागेल आणि किती वाजता.

म्हातारा माणूस म्हणतो, "एकोणसत्तरला पाणी इथवर आलं होतं, त्यापुढे येत नाही." तो अडाणीपणाने बोलत नाही, आठवणीने बोलतो. त्याच्या आठवणीत घर वाचलेलं असतं.

आता माझ्याच हातून झालेली एक गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही.

ऑगस्टमधली संततधार होती. नदीकडेच्या बावीस घरांना दुपारी हलायला सांगितलं. एकवीस गेली, एक राहिलं. रात्री बोट पाठवावी लागली आणि त्या कुटुंबातल्या आजीबाईंना बाजेसकट उतरवावं लागलं. बोटीवरचा एक मुलगा पाण्यात पडला. सुदैवाने दोरी हाताशी होती. मी काठावर उभी होते, भिजलेली, थकलेली आणि मनातून पेटलेली. तीन दिवसांनी पंचनामा लिहिताना त्या घरापुढे मी स्वतःच्या हाताने ओळ लिहिली: "वारंवार सूचना देऊनही सदर कुटुंबाने स्थलांतर करण्यास नकार दिला." पंचनाम्यात या ओळीची गरज नव्हती. त्यात भिंत किती पडली, पत्रे किती गेले, धान्य किती भिजलं एवढं लिहायचं असतं. ती ओळ मी रागाने लिहिली.

यादी वर गेली. एकवीस घरांची मदत आली, बाविसाव्याची फाइल शेरा मारून परत: "खुलासा करावा." खुलासा करायला मी त्या घरी गेले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री बांधलेली होती. घरातली सून, पस्तिशीची असेल, चहा टाकून समोर बसली. मी विचारलं, "तेव्हा का नाही गेलात, बाई?" ती म्हणाली, "गेलो होतो की मॅडम."

ते गेले होते. सगळ्यांत आधी तेच गेले होते, कारण आजीबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा आणि दीर बाज खांद्यावर घेऊन दुपारी तीनला शाळेपाशी पोचले. शाळेला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक नाशिकला, रस्ता बंद. अर्धा तास पावसात बाज पडवीत टेकवून ते उभे राहिले. पडवी गळत होती. आजीबाई कुडकुडायला लागल्या तशी सासऱ्यांनी बाज परत फिरवायला सांगितली. घरी निदान कोरडी जागा होती. नंतर पाचच्या सुमाराला कोणीतरी कुलूप तोडलं आणि बाकीची माणसं आत गेली. सहा वाजता कोतवाल पुन्हा त्यांच्या दारात गेला तेव्हा सासरे चिडून म्हणाले, "आम्ही नाही येत आता." कोतवालाने मला येऊन तेवढंच सांगितलं. मी तेवढंच लिहिलं.

पावसाळ्याआधी निवारा म्हणून त्या शाळेचं नाव आराखड्यात मीच लिहून दिलं होतं. किल्लीची दुसरी प्रत कोणाकडे, हा रकाना तक्त्यात नव्हता आणि माझ्या डोक्यातही आला नाही. खुलाशात मी हे सगळं लिहिलं, माझी चूक म्हणून लिहिलं. मदत मिळाली, पण हिवाळा अर्धा सरल्यावर. तोवर ताडपत्रीच.

तेव्हापासून "हलले नाहीत" हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, जायला सांगितलं होतं ती जागा उघडी होती का? तुमच्या गावातल्या त्या कुटुंबाला हे कोणी विचारलंय का? मला उत्तर माहीत नाही. कदाचित तुमच्याकडे सोय चोख असेल आणि ते खरोखर हट्टाने बसले असतील. पण विचारल्याशिवाय ठराव करू नका.

आता पैशाचा मुद्दा, कारण तुमच्याकडे कोणीतरी नक्की म्हणालं असेल की मदत मिळते म्हणून लोक बिनधास्त बसतात. आकडे पाहा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार माणूस गेला तर वारसांना ४ लाख. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर ६ हजार ५००, कच्च्या घराला ४ हजार, झोपडीला ८ हजार. कपड्यांसाठी २ हजार ५०० आणि भांड्यांसाठी २ हजार ५००. दुभती म्हैस किंवा गाय वाहून गेली तर ३७ हजार ५००, शेळीला ४ हजार. घराच्या मदतीला बांधकाम अधिकृत असल्याची अट आहे, त्यात नदीकडेची बरीच घरं अडकतात. राज्य सरकार वेगवेगळ्या वेळी शासन निर्णय काढून यात भर घालतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय बघावा लागतो. पण ढोबळ चित्र हेच. पाच हजारांच्या कपड्या-भांड्यांसाठी पोराबाळांसह पत्र्यावर बसणारा माणूस मला एवढ्या वर्षांत भेटला नाही.

माणसं ज्यासाठी मागे राहतात ते या यादीत बहुतेक नसतंच. आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत भरतो आणि भाव येईपर्यंत थांबतो. ऐन पुराच्या दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरला, वर्षाची सगळी कमाई त्या चाळीत असते. शेतातल्या उभ्या पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर गेलं तर हेक्टरी मदत आहे, चाळीत साठवलेल्या कांद्याला त्या निकषांत जागा नाही. २०१६ च्या पुरात एक गृहस्थ मला चाळीतच सापडले. खालच्या थराला पाणी लागलेलं, आणि ते आणि त्यांची बायको घमेल्याने वरचा कांदा उपसून ट्रॉलीत टाकत होते. मी ओरडले, "तात्या, आधी बाहेर या!" ते मान वर न करता म्हणाले, "एवढी एक ट्रॉली होऊ द्या बाई, पोरीचं लग्न आहे यात." मी कलम ५१ सांगणार होते का त्यांना? मी कोतवालाला आणि ड्रायव्हरला घमेली घ्यायला लावली. चाळीस मिनिटांत ट्रॉली भरली आणि दोघं तिच्यावरच बसून बाहेर आले. हे नियमाला धरून होतं असं मी म्हणणार नाही. पाणी वेगाने चढत असतं तर हात धरून ओढावंच लागलं असतं.

जनावरांचंही तेच. म्हैस दावणीला सोडून शाळेत जाऊन झोपा, हे सांगणं सोपं. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळात पाळीव जनावरांपायी लोक घरं सोडेनात, तेव्हा त्यांनी पुढच्याच वर्षी कायदा करून स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव जनावरांची सोय धरायला लावली. तिथे प्रश्न कुत्र्या-मांजरांच्या मायेचा होता. इथे त्या मायेत रोजचं दूध आणि डेअरीचं बिलही असतं. ज्या गावात उंचावर गुरांसाठी जागा, चारा आणि राखणीला दोन माणसं ठरलेली असतात, तिथे माणसं हलवायला मला पाऊण तास पुरायचा. जिथे हे नव्हतं तिथे रात्र जायची.

शहरातलं एक वेगळं उदाहरण देते, म्हणजे हा प्रश्न फक्त नदीकाठचा नाही हे लक्षात येईल. जुन्या नाशकात आणि पंचवटीत धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्याआधी नोटिसा देते. तिथले भाडेकरू हलत नाहीत. का? एकदा खोली सोडली की मालक परत पाय ठेवू देणार नाही ही भीती. महिन्याला काही रुपये भाडं आणि तीन पिढ्यांचा ताबा, तो एका रात्रीत जाईल. "तुमचा भाडेकरू म्हणून हक्क शाबूत राहील" असं लिहिलेला कागद हातात असेल तर माणूस हलतो, नुसत्या नोटिशीने हलत नाही. भिंत कोसळल्यावर आपण म्हणतो, नोटीस दिली होती.

म्हणून माझं मत असं झालंय की जबाबदारीचा हिशेब जरूर करावा, पण तो पाणी चढायच्या आधी, आणि ज्याच्यापुढे खरोखर पर्याय होता त्याच्याशी. असे लोक आहेत आणि त्यांना मी जराही पाठीशी घालणार नाही.

पूर बघायला नाशिकच्या होळकर पुलावर लेकरं खांद्यावर घेऊन उभे राहणारे. बॅरिकेड बाजूला सारून फरशी पुलावरून मोटारसायकल घालणारे. दुगारवाडीच्या धबधब्याकडे ओढा फुगायची चिन्हं दिसत असताना, गावकरी नको म्हणत असताना पलीकडे उतरणारे. विसर्गाची बातमी सकाळपासून फिरत असताना गोदाघाटावर गाडी लावून जाणारे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नदीकडेच्या गोदामावर किंवा वीटभट्टीवर मजुराला "तू इथेच थांब, मालावर लक्ष ठेव" सांगून स्वतः घरी जाणारा मालक. कागदावर आदेश न पाळणारा मजूर दिसतो, आदेश मोडलेला असतो मालकाने. कलम ५१ वापरायचं तर या माणसावर वापरा, मी साक्षीला येईन.

खर्च वसुलीबद्दल विचारलंत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९५ पासून असा कायदा आहे: पाणी वाहतंय म्हणून बंद केलेल्या रस्त्यावर अडथळा ओलांडून गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च त्या चालकाकडून घेता येतो. मला तो पटतो, कारण त्यात रेघ स्पष्ट आहे. अडथळा होता, तो ओलांडला, गरज नव्हती. राहत्या घरातून न निघालेल्या माणसाला ती रेघ लावता येत नाही. आणि त्यात एक मोठा धोका आहे. बोटीचे पैसे पडतील असं एकदा पसरलं की फोन आणखी उशिरा येईल. दोनला आलेला फोन चारला येईल. तोवर पाणी पत्र्याच्या वर आणि तुमची पोरं त्याहून वाईट अंधारात. उशिरा केलेली सुटका किती महाग पडते ते ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला दिसलं. पुराने वेढल्यावर माणसं दाटीने बोटीत चढली, बोट उलटली, आणि सुटकेच्या वाटेवर माणसं गेली. लवकर फोन यावा असं वाटत असेल तर फोन करणाऱ्याच्या मनात हिशेबाची भीती घालू नका.

गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगून ठेवते, दरवर्षी कोणीतरी विचारतं. पुरात बुडालेल्या गाडीला सेल मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर नेहमीचा विमा तो खर्च सहसा देत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. तिथे तुमच्या वागण्याचा हिशेब सरकारी मदतीपेक्षा कितीतरी कडक होतो.

आता कोणी म्हणेल, लोकांच्या स्वभावाला औषध नाही. ओडिशा पाहा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. माणसं तीच, किनारा तोच. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, रंगीत तालमी झाल्या. निवारा कुठे, किल्ली कोणाकडे, म्हातारीला कोण उचलणार, हे लोकांना आधीच माहीत होतं. मदत बंद करण्याच्या धमकीने हे झालेलं नाही.

तुमच्या ग्रामसभेकडे परत येते. ठराव जरूर आणा, वेगळा आणा. मी असते तर असा आणला असता. निवाऱ्याच्या किल्ल्या तीन माणसांकडे, तिघंही गावातच राहणारी, आणि जून ते सप्टेंबर त्यांचे नंबर शाळेच्या दारावर रंगाने लिहिलेले. नदीकडेच्या प्रत्येक घरातल्या आजारी, म्हाताऱ्या, गरोदर माणसांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे उचलून नेणाऱ्या दोघांची नावं. गुरांसाठी गायरानातली उंच जागा आखलेली. विसर्ग ठरावीक आकड्यावर गेला की कांदा हलवायला गावातले किती ट्रॅक्टर मिळतील, डिझेल कोण देईल, हे आधी ठरलेलं. आणि गावाची स्वतःची खूण: दारणा आणि गंगापूर या दोन्ही धरणांचा विसर्ग मिळून अमुक झाला की पाणी आपल्या मारुतीच्या अमक्या पायरीला. जुन्या पुरांच्या आठवणीतून आणि पाटबंधारे खात्याच्या नोंदींतून हे दोन बैठकांत निघतं. तुमच्यासारखी बोटीवरची पोरं यात हवीतच, पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरतं ते तुम्हाला जितकं माहीत तितकं कोणत्याही नकाशाला नाही.

एवढं करूनही कोणी हललं नाही तर? तेव्हा हमीपत्र लिहून घ्यायची रीत आहे: "आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर राहत आहोत." मीही असे कागद घेतलेत. त्या कागदाने सरकारची सुटका करायची जबाबदारी संपत नाही, आणि पंचनाम्याचा हक्कही जात नाही. पण तो कागद दुसऱ्या कामाचा आहे. त्यावर सहीच्या वर लिहून घ्या: घरात किती माणसं, कोण कोणत्या खोलीत झोपतं, पोहता कोणाला येतं, मोबाइल कोणाचा चार्ज आहे, माळ्यावर जायची शिडी कुठल्या बाजूला. दोनला बोट निघेल तेव्हा तुमच्या पोरांना अंधारात चाचपडावं लागणार नाही. माझा आणखी एक अनुभव सांगते. ही माहिती लिहून घ्यायला बसलं, की "पोहता कोणाला येतं?" या प्रश्नाला घरातली बाई नवऱ्याकडे बघते, आणि बऱ्याचदा तिथेच सामान बांधायला सुरुवात होते.

आणि तुमचा मित्र. त्याच्या मनगटाबद्दल तुम्ही दोन ओळींत लिहिलंत, पण पूर्ण प्रश्न तिथूनच आलाय. जखमी माणूस आठवड्यापेक्षा जास्त दिवस दवाखान्यात दाखल राहिला तर वर सांगितलेल्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत १६ हजार आहेत, आठवड्याच्या आत असेल तर ५ हजार ४००. हा आकडा पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या दवाखान्याचे कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सांभाळून ठेवा. तो त्या रात्री प्रशासनाच्या सांगण्यावरून बोटीवर होता हे पोलीस पाटलांकडून आणि तलाठ्यांकडून लेखी घ्या, आणि अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या, पोच घेऊन. अडलं तर प्रांताधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. ग्रामसभेत पहिला ठराव त्याच्या औषधपाण्याचा आणि बोटीवरच्या सगळ्या पोरांच्या अपघात विम्याचा घ्या. त्या कुटुंबालाही सभेला बोलवा. त्याला भेटायला ते अजून आले नसतील तर बहुधा लाजेने आले नसतील, तुम्हीच त्यांना सोबत घेऊन जा.